'सीली' : एका पुण्यवान विशेषणाची अधोगती
(शब्दांची चरित्रे : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात 'नाइस' या विशेषणाचा प्रवास आपण पाहिला. लॅटिनमधील 'अज्ञ' या अर्थाच्या शब्दापासून निघालेले ते विशेषण मूर्खपणाची पायरी मागे टाकून सौजन्याच्या आसनापर्यंत कसे चढत गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. आज ज्या शब्दाचे चरित्र सांगावयाचे आहे त्याची गती नेमकी उलट आहे, आणि मला तरी ती अधिक अंतर्मुख करणारी वाटते.

प्राचीन इंग्रजीत 'सॅल' असे एक नाम होते. त्याचा अर्थ काळ, योग्य वेळ, आणि त्यावरून सुख. ज्याला काळ अनुकूल तो भाग्यवान, या न्यायाने त्यापासून 'सॅलिग' हे विशेषण सिद्ध झाले, व मध्ययुगीन इंग्रजीत त्याचे 'सीली' असे रूप झाले. ज्याच्यावर ईश्वराची कृपा तो 'सीली'; संत, हुतात्मे आणि निष्पाप बालके या सर्वांना हे विशेषण शोभत असे. पुढे पुण्यवान तो निरुपद्रवी, निरुपद्रवी तो निराधार, निराधार तो दयेस पात्र, अशी ही उतरंड लागली. आणि यातील प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून इतक्या सहजपणे निघते की, अमुक वर्षी अर्थ पालटला असे बोट ठेवून सांगणे दुरापास्त होते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या 'कँटरबरी टेल्स'मधील चक्कीवाल्याच्या कथेत ऑक्सफर्डच्या एका वृद्ध सुताराला हेच विशेषण लावले आहे. नोहाच्या काळाप्रमाणे पुन्हा एकदा जलप्रलय होणार, असे त्याच्या घरी राहणारा एक धूर्त विद्यार्थी त्याला पटवतो. त्याबरोबर तो भाविक मनुष्य आपल्या तरुण पत्नीच्या काळजीने व्याकुळ होऊन छपराच्या तुळयांना तीन मोठी लाकडी भांडी टांगतो आणि थकून त्यांतील एकात झोपी जातो, व इकडे ती पत्नी त्या विद्यार्थ्यासमवेत निघून जाते. या सुताराला 'सीली' म्हणताना चॉसरला काय अभिप्रेत होते? श्रद्धाळू, बिचारा की मूर्ख? माझ्या मते तिन्ही अर्थ तेथे एकाच वेळी नांदत आहेत.

पंधराव्या शतकात या शब्दाचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होऊन 'सिली' हे रूप रूढ झाले. तरीही जुना अर्थ लगेच बेदखल झाला नाही. शेक्सपिअरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'मध्ये ज्या 'सिली' स्त्रियांना उपद्रव देऊ नये अशी अट दरोडेखोरांना घातली जाते, त्या मूर्ख नसून असहाय आहेत. आणि 1629 साली ख्रिस्तजन्मावर रचलेल्या स्तोत्रात मिल्टन मेंढपाळांच्या विचारांना 'सिली' म्हणतो, तेव्हा त्यात त्यांच्या साधेपणाचा उल्लेख आहे, उपहास नाही. परंतु सोळाव्या शतकातच निर्बुद्धतेचा अर्थ या शब्दात शिरला होता, आणि अखेर सारी वहिवाट त्याच्याकडे गेली.

असे का व्हावे? एक कारण असे की, 'धन्य' या अर्थाचा मान देवळात 'ब्लेसेड' या शब्दाकडे आणि व्यवहारात 'हॅपी' या शब्दाकडे गेला, व 'सीली'ला त्याचा मूळचा हुद्दाच उरला नाही. तथापि खरे कारण मनुष्यस्वभावात आहे, असे मला वाटते. ज्याची आपण कीव करतो त्याला आपल्याहून खालच्या दर्जाचा मानण्यास वेळ लागत नाही. 'सीली'चा घात प्रथम द्वेषाने केला नाही, दयेने केला.

हा दोष केवळ इंग्रजांचा नव्हे. फ्रेंचांचा 'बने' हा भोटमामा 'आशीर्वादित' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचाच वंशज आहे. आपल्याकडे तर सोपाऱ्यापर्यंत ज्याचे शिलालेख सापडले त्या सम्राट अशोकाने 'देवानांप्रिय' हे बिरुद अभिमानाने मिरविले, आणि सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त त्याच समासाचा अर्थ 'मूर्ख' असा नोंदला गेला. देवांचा लाडका तो मूर्ख, हे समीकरण दोन परस्परांस अपरिचित समाजांनी स्वतंत्रपणे मांडावे, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

जर्मन भाषेत मात्र याच शब्दाचा सहोदर 'झेलिग' आजही धन्यतेचा वाचक आहे. ल्यूथरने बायबलच्या भाषांतरात गिरिप्रवचनातील आशीर्वचनांचा आरंभ त्याच शब्दाने केला, आणि दिवंगत आप्ताचा उल्लेख करतानाही तो योजला जातो, जसे आपण 'कैलासवासी' म्हणतो. स्कॉटलंडच्या लोकगीतांत 'सीली दरबार' आहे तो मनुष्यांवर प्रसन्न असलेल्या पऱ्यांचा, आणि त्याच्या उलट 'अनसीली' म्हणजे उपद्रवी पऱ्यांचा. खुद्द इंग्लंडात हा शब्द आडनावांतून टिकला आहे; 1883 साली 'द एक्स्पान्शन ऑफ इंग्लंड' हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे केंब्रिजचे इतिहासाध्यापक जॉन रॉबर्ट सीली यांचे आडनाव याच विशेषणावरून आलेले आहे.