गाडी थांबवा, गाणं ऐकवा

नोव्हेंबर 2024, विधानसभा निवडणूक. जाफराबादच्या रस्त्यावर भरारी पथकाने प्रचाराची गाडी बाजूला घ्यायला लावली. परवान्याची मूळ प्रत काचेवर चिकटवलेली होती. उमेदवाराचं नाव, गाडीचा नंबर, तारीख सगळं जुळलं. चालक निघायच्या तयारीत होता, तेवढ्यात पथकप्रमुखांनी दुसरा कागद मागितला, गाण्याचा. गाडीचा परवाना गाडीपुरता; भोंग्याची परवानगीही निराळी. त्यातून काय वाजवायचं, याची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. बऱ्याच कार्यकर्त्यांना हे प्रचार संपेपर्यंत ठाऊक नसतं.

पेन ड्राइव्ह लागला. पथकातला एक कर्मचारी मंजूर संहितेच्या ओळींवर बोट फिरवत ऐकू लागला. पहिली दोन गाणी शब्दाला शब्द जुळली. तिसऱ्यात कागदावर नसलेलं एक कडवं निघालं, प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारणारं. गाणं तिथंच बंद करायला लावलं, चित्रीकरण झालं, पंचनामा लिहिला गेला. मला त्या बोटाचं मोल फार वाटलं. नियम कितीही कडक असो, तो पाळला जातो की नाही, हे असं उन्हात उभं राहून ऐकणाऱ्यावरच ठरतं.

जाफराबाद तालुका भोकरदन विधानसभा मतदारसंघात येतो, पण प्रचारगीतासारख्या जाहिरातीवर मंजुरीचा शिक्का बसतो तो जालन्यात, जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समितीत. या पूर्वप्रमाणीकरणाचं, म्हणजे जाहिरात आधीच मंजूर करून घेण्याचं, मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या 13 एप्रिल 2004 च्या आदेशात आहे. आधी टीव्ही आणि केबल, पुढे रेडिओ, सिनेमागृह, एकगठ्ठा एसएमएस, आणि 2013 पासून समाजमाध्यमांवरच्या जाहिराती त्यात आल्या. पक्षाने किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज द्यायचा, सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता. अर्जात निर्मितीचा खर्चही लिहायचा असतो, कारण तो उमेदवाराच्या 40 लाखांच्या मर्यादेत धरला जातो. म्हणजे न दाखवलेलं कडवं हे न दाखवलेल्या खर्चाचंही चिन्ह असू शकतं. छापील वर्तमानपत्रातली जाहिरात एरवी मोकळी. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी मात्र तिलाही प्रमाणपत्र लागतं. 20 नोव्हेंबरच्या मतदानासाठी ते दोन दिवस 19 आणि 20 होते.

पत्रकांचा कायदा निराळा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं आहे. प्रकाशकाने सही केलेलं घोषणापत्र, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांचं साक्षांकन, हे हातात पडल्याशिवाय छापखान्याने मशीन सुरू करायचं नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची ही रक्कम आज कुणालाच धाक घालत नाही. ती वाढवायलाच हवी.

खरी पळवाट मोबाइलमध्ये आहे. उमेदवाराने स्वतःच्या खात्यावर टाकलेली साधी पोस्ट जाहिरात धरली जात नाही, आणि गावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या निनावी क्लिपचा धनी शोधेपर्यंत मतदान उरकून जातं. तिथं पथकाचं बोट पोचत नाही.

म्हणून पुढच्या निवडणुकीत दारात पत्रक पडलं, तर आधी तळाची बारीक ओळ वाचा. मुद्रक-प्रकाशकाचं नाव नसेल, तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपमधूनच फोटो काढून पाठवा. तिथल्या तक्रारीवर 100 मिनिटांत कार्यवाही व्हावी, असा दंडक आहे.