साडेआठ लाखांत ऐंशी लाखांची गाडी?

रविवारी सकाळी सव्वासात वाजता मित्राचा फोन. "खाली ये. बाबांना घेऊन निघालोय, गाडी बघायला." रविवारी सव्वासातला उठवणाऱ्या माणसाला मी सहसा माफ करत नाही, पण त्याचा आवाज ऐकून चपला अडकवल्या आणि उतरलो.

मित्र हिंजवडीत टीम लीड. वय एकोणतीस, पगार बरा, वाकडला भाड्याचा टू बीएचके, डिसेंबरात लग्न. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी चार वर्षं पै-पै करून साठवलेले अकरा लाख बँकेत. आणि डोक्यात एक काळी, होडीसारखी लांब जर्मन सेडान. 2011 चं मॉडेल, पेट्रोल, व्ही सिक्स इंजिन, दुसरा मालक, ब्याऐंशी हजार किलोमीटर. नवी होती तेव्हा ऐंशी लाखांच्या घरात. मालक आता मागतोय साडेआठ. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वयाच्या, या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची कुंडली सारखीच निघते.)

साडेआठ लाखांत शोरूममधून नवीकोरी हॅचबॅक येते, वॉरंटीसकट. हे त्याला माहीत नाही असं नाही. "हॅचबॅक सगळ्यांकडे आहे रे," एवढंच तो म्हणाला. पण खरं कारण गाडीत मागच्या सीटवर बसलेलं होतं. त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, कोरेगाव पार्कातल्या एका उद्योजकाकडे ड्रायव्हर होते. अगदी हेच मॉडेल त्यांनी आठ वर्षं चालवलं. रोज धुतलं, पुसलं, विमानतळावर नेलं. मागच्या सीटवर मात्र एकदाही बसले नाहीत. मित्राला त्यांना तिथं बसवायचं होतं. आता यावर तुम्ही-आम्ही काय बोलणार?

बॉनेटवरचा हात

बाणेरच्या एका सोसायटीत गाडी उभी होती. काय दिसत होती म्हणून सांगू! पॉलिश केलेली, आत क्रीम रंगाचं लेदर, दार लावलं की 'धप्प' असा तो श्रीमंत आवाज. मित्र तर तिथंच विकला गेला. खरं तर आधीच गेला होता. एकवीस हजारांचं टोकन त्याने गाडी न बघताच पाठवलं होतं. (असं करू नका. प्लीज.)

काकांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट कोमट.

"साहेब, सकाळी कुठं जाऊन आला काय?"

"नाही, जरा स्टार्ट करून ठेवली होती. तुम्ही येणार म्हणून."

"मग उद्या येतो आमी. रातीपासनं हात लावू नका तिला."

मित्र ओशाळला. पण काकांचा फंडा क्लिअर होता. जुन्या गाडीचं दुखणं कळतं ते गार असताना. पहिल्या स्टार्टला चेनची खडखड, सायलेन्सरमधून निळसर धूर, गिअर टाकल्यावर बसणारा झटका, हे सगळं इंजिन तापलं की बऱ्याचदा पोटात जातं. तापवून ठेवलेली गाडी बघणं म्हणजे मेकअपमध्ये मुलगी बघायला जाण्यासारखं, असं माझी आजी म्हणाली असती. तिचा काळ वेगळा होता, सोडून द्या.

सोमवारी साडेसहाला परत गेलो. तीच गाडी, तीच जागा, पण उजवीकडून पुढे खाली बसलेली. डाव्या चाकावर चार बोटं मावतील एवढी जागा, उजव्या चाकावर एकही नाही.

यालाच एअर सस्पेन्शनची गळती म्हणतात. या गाड्यांच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंग नसतात. रबराच्या फुग्यात कॉम्प्रेसरने भरलेली हवा असते, म्हणून तर खड्ड्यातून जाताना गालिच्यावरून गेल्यासारखं वाटतं. पण रबर ते रबरच. दहा-बारा वर्षांत त्याला भेगा पडतात आणि रात्रभर हवा हळूहळू निघून जाते. सकाळी स्टार्ट केली की कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरतो आणि गाडी आज्ञाधारक मुलासारखी उभी राहते. रविवारी आम्ही बघितली ती अशी उभी केलेली. गंमत म्हणजे फुग्याची गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जळतो. मग मालक फक्त कॉम्प्रेसर बदलतो, आणि फुगा त्यालाही खातो.

काकांनी किल्ली फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले की नाही ते बघितलं. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय. इथं लागला, विझला. मग काकांनी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि मुळाशी चिखलाचा डाग आहे का ते पाहिलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पुण्यात किती गाड्या पाण्यात गेल्या ते आठवा. आतून धुऊन-पुसून गाडी चकाचक करता येते, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या मुळापर्यंत कुणी जात नाही. इथं पट्टा स्वच्छ होता. मालक लबाड नव्हता, गाडी म्हातारी होती.

उस्तादांची चिठ्ठी

मालक तयार झाला म्हणून गाडी भोसरीतल्या एका गॅरेजात नेली. तिथल्या उस्तादांनी स्कॅनर लावला. मेमरीत एकही फॉल्ट नाही. मित्राचा चेहरा उजळला. उस्ताद हसले. "फॉल्ट नाहीत, पण गाडीच्या सेल्फ टेस्टसुद्धा पूर्ण नाहीत. म्हणजे परवा-तेरवा कुणीतरी कोड पुसलेत." गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या तपासण्या चालता चालता पूर्ण करत असतो, कोड पुसले की त्याही शून्यावर येतात. पाटी कोरी असणं हाच कधी कधी पुरावा असतो.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गिअरबॉक्स धक्का देत होता. मालक म्हणे, "ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं." हे लाइफटाइम प्रकरण एकदा समजून घ्या. बड्या जर्मन गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांनी, ऑइल बदलायला सांगते. इथं पंधरा वर्षांत कुणी नटही ढिला केला नव्हता. टायरवरचे चार आकडे होते 2317. म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान, रबर दगड.

उस्तादांनी पाठकोऱ्या बिलावर हिशेब मांडला. पुढचे दोन फुगे, तेही बाहेरच्या कंपनीचे, एक लाख तीस हजार. कॉम्प्रेसर चाळीस. गिअरबॉक्सचं ऑइल आणि आतलं कंट्रोल युनिट सव्वा लाख. टायर सत्तर. एकूण तीन लाख पासष्ट हजार. "आणि हे फक्त आज दिसतंय ते," उस्ताद म्हणाले.

सगळी मेख इथं आहे. पंधरा वर्षांत गाडीची किंमत ऐंशीवरून साडेआठवर आली, पण तिच्या पार्टची किंमत आली नाही. पार्ट अजूनही ऐंशी लाखांच्या गाडीचाच आहे. तुम्ही गाडी हॅचबॅकच्या भावात घेता आणि पोसता मात्र तिच्या जन्माच्या भावात. पहिल्या मालकाला एका फुग्याचा खर्च म्हणजे वीकएंडचं हॉटेल होतं. आमच्या मित्राला तो दोन महिन्यांचा ईएमआय.

त्यात कागद. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे या गाडीची 2026 मध्ये संपणार. मग आरटीओत पासिंग, पुढच्या पाच वर्षांसाठी. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजार झालं, वर पर्यावरण कर. पैसे फार नाहीत, पण चाकावर बसलेली गाडी तपासणीला नेणार कशी? मालकाला विकायची घाई का होती, ते तेव्हा लक्षात आलं. शिवाय पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2011 च्या गाडीचे रबरी पाइप, सील त्यासाठी बनलेले नाहीत.

मित्राने आधी दिल्लीची एक डिझेल गाडीही पाहिली होती, आणखी दोन लाखांनी स्वस्त. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाचा बडगा आला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला आणि तशा गाड्या इतर राज्यांत निघाल्या. 2025 मध्ये न्यायालयाने त्यात काही सूट दिली. पण तिकडची गाडी म्हणजे एनओसी आणि इथला टॅक्स वेगळा. आधीच कमी डोकेदुखी आहे का?

मग कुणीच घेऊ नये? असं मी म्हणणार नाही. घरी रोजची दुसरी गाडी असेल, ओळखीचा उस्ताद असेल आणि गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी बाजूला असेल, तर जरूर घ्या. असं ऐषारामी चालवणं नव्या हॅचबॅकमध्ये सात जन्मांत मिळणार नाही. पण यातली एकच गोष्ट असेल तर थांबा. मित्राकडे एकही नव्हती.

चिठ्ठी बघून मालक सात लाखांवर आला. सात अधिक तीन पासष्ट. दहा पासष्ट. बँकेत अकरा. मित्राने मोबाइलवर तीनदा बेरीज केली, जणू चौथ्यांदा कमी येणार होती.

परत येताना तो चालवत होता, शेजारी मालक, मागे मी आणि काका. काका सीटच्या कडेला बसलेले, एक हात वरच्या हँडलला. नाशिक फाट्याच्या सिग्नलला मित्राने आरशात बघून विचारलं, "कसं वाटतंय बाबा?"

काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मागं बसून गाडीचं काय कळत न्हाय." आणि सिग्नल सुटल्यावर, "ब्लोअरचा आवाज येतोय बग. त्यो पण धर हिशेबात."

शुक्रवारी मित्राने टोकन परत मागितलं. एकविसातले पंधरा हजार आले. त्याने घरी सांगितलं तेव्हा काका टीव्ही बघत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "ब्लोअरचं सांगितलंस का त्याला? पुढच्या गिऱ्हाइकाला कळाय पायजे."