गांजा सोडताना पहिले चार आठवडे

अकरावी-बारावीच्या शिकवणीसाठी लातूर आणि नांदेड येथे दरवर्षी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून हजारो मुले येतात. भाड्याची खोली, खानावळीचा डबा, दिवसभराचे वर्ग आणि डोक्यावर नीट परीक्षा, असे त्यांचे दोन वर्षांचे आयुष्य. अशा एखाद्या मुलाला गांजाची सवय लागते. शिक्षक समजावतात, मुलगा कबूल करतो, आणि आठ दिवसांत पुन्हा तिकडे वळतो. असे का होते? याचे उत्तर मुलाच्या स्वभावात शोधण्यापूर्वी त्याच्या मेंदूत शोधले पाहिजे.

कुलूप आणि किल्ली

गांजा म्हणजे भांगेच्या मादी झाडाचे वाळवलेले फुलोरे. त्यातील धुंदी आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याची रचना १९६४ मध्ये इस्राएलमधील राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी उलगडली. हे द्रव्य मेंदूच्या पेशींवर ज्या ठराविक जागी बसते, त्या जागांचा, म्हणजे ग्राहींचा, शोध १९८८ मध्ये लागला. कुलूप आहे, तर त्याची किल्ली शरीरातही असली पाहिजे. ती १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली. ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून तिला आनंदमाइड असे नाव दिले गेले. भूक, झोप, भीती आणि स्मरण यांचा तोल राखण्यात आनंदमाइडचा वाटा असतो.

रोज गांजा ओढणाऱ्याच्या मेंदूत बाहेरची किल्ली सारखी फिरत राहते. त्यावर उपाय म्हणून मेंदू ग्राहींची संख्या कमी करतो. म्हणूनच पूर्वीइतकी धुंदी येण्यासाठी गांजा जास्त लागतो. गांजा एकदम बंद केला, की शरीरातल्या आनंदमाइडला पुरेसे ग्राही मिळत नाहीत. मग भूक मरते, झोप उडते, मुलगा चिडतो, घाबरतो. आपण याला उद्धटपणा समजतो. वास्तविक ती गांजा बंद झाल्याची खूण असते.

त्रासाचे वेळापत्रक

हा त्रास एक ते तीन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. झोपेची तक्रार व विचित्र स्वप्ने आणखी काही दिवस राहू शकतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रोज ओढणाऱ्या पुरुषांच्या मेंदूचे चित्रण केले होते. सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर घटलेले ग्राही मेंदूच्या बहुतेक भागांत पूर्ववत झाल्याचे त्यात दिसले. मुलाला हे आधीच सांगावे. त्रासाला शेवट आहे हे कळले, की तो सोसण्याचे बळ येते.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगायला हवी. टीएचसी चरबीत साठते. त्यामुळे नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत ते सोडल्यानंतरही कित्येक आठवडे आढळू शकते. केवळ तपासणीवरून मुलाला खोटे ठरवू नये.

शिक्षकाने काय करावे

मुलाशी एकांतात बोलावे. ‘यातून तुला काय मिळते आणि काय गमावतोस?’ असे विचारावे. ‘झोप लागते’, ‘परीक्षेची धास्ती कमी होते’ अशी उत्तरे मिळाली, तर मूळ दुखणे सापडले. त्यावरही काम व्हायला हवे.

सोडण्याचा दिवस परीक्षेच्या तोंडावर ठरवू नये. शक्य असल्यास पहिले पंधरा दिवस मुलाने घरी राहावे, किंवा घरचे कोणी खोलीवर येऊन राहावे. ज्या वेळी, ज्या मित्रांबरोबर ओढणे होई, ती वेळ खेळाने किंवा व्यायामाने भरावी. गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात; तेव्हा तंबाखूची सवयही विचारात घ्यावी. पाय घसरलाच, तर ‘त्याआधी काय घडले?’ हे पाहून पुन्हा सुरुवात करावी.

गांजाची सवय घालवणारे खात्रीचे औषध अद्याप नाही; समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग हेच मुख्य उपचार. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसन हा आजार आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची सोय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो. मुलाला कानात आवाज ऐकू येत असतील, सर्वांवर संशय येत असेल किंवा तो मरणाची भाषा बोलत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे सहांत एकाला गांजाचे व्यसन जडते. अशा मुलाला पहिल्याच पंधरवड्यात वसतिगृहातून काढले, तर अभ्यास, जेवण आणि देखरेख हे तिन्ही आधार एकदम तुटतात, आणि त्याच्याजवळ उरतात ते फक्त गांजा ओढणारे मित्र. म्हणून कारवाईचा विचार करण्यापूर्वी हे चार आठवडे त्याला मिळवून द्यावेत.