टोपडे पहिल्या दिवशी

‘विणणे’ हा आपल्या मराठीतला फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, सणगर घोंगडी विणतो, घरातला म्हातारा ओसरीवर बसून बाज विणतो, आणि विहिरीवरच्या बाभळीला सुगरण आपला खोपा विणते. ह्या सगळ्यांच्या पंगतीत दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली एखादी बाई दिसली, की आपण म्हणतो, ‘बसली असेल वेळ घालवीत.’ ती काय करते ते एकदा जवळून बघा. मग तिच्या त्या छंदाचा इस्लापूरसारख्या गावाला काय उपयोग आहे, ते मी सांगतो.

मागावर धाग्यांच्या दोन फळ्या असतात. एक उभा ताणा, दुसरा आडवा बाणा. ते एकमेकांना काटकोनात धरून बसतात, म्हणून घोंगडी ओढली तरी ताणत नाही. सुयांवरच्या कामात ताणाही नाही आणि बाणाही नाही. तिथे एकच धागा असतो. त्याचा फासा करावयाचा, त्या फाशातून दुसरा फासा ओढून काढावयाचा, दुसऱ्यातून तिसरा. फासा पुढून काढला तर सुलट टाका, मागून काढला तर उलट टाका. स्वेटर असो, मोजा असो, नाहीतर मफलर असो, सारे ह्या दोन टाक्यांचेच खेळ. फासे गोल असल्यामुळे कापड ताणते आणि सोडले की पुन्हा आपल्या जागी येते. म्हणून मोजा पायाला आणि टोपी डोक्याला घट्ट बसते. पण एक फासा सुईवरून निसटला, तर त्याच्याखालचे फासे एकामागून एक सुटत जातात. विणणाऱ्या बायका म्हणतात, ‘टाका पळाला.’ क्रोशाच्या सुईने त्याला पायरी पायरीने वर चढवून आणावा लागतो.

आता गुरुजींनी वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न. लोकर ऊब देते का? मुले ‘हो’ म्हणतील. त्यांना बर्फाचे दोन सारखे खडे आणून दाखवावेत. एक उघडा ठेवावा, दुसरा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळावा. घोंगडीतला खडा उशिरा विरघळतो. घोंगडी ऊब निर्माण करीत असती, तर तो आधी विरघळला असता! खरी गोष्ट अशी, की लोकरीच्या तंतूंमध्ये आणि विणीच्या फाशांमध्ये हवा अडकून बसते. ती अडकलेली हवा आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची आत येऊ देत नाही. अंगाची ऊब अंगालाच राहते, एवढेच लोकरीचे काम.

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले गाव. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे, भोवती सागाचे रान आणि डोंगर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातून नेमके इस्लापूर सर्कल तोडून तत्कालीन मुंबई राज्यात आणले गेले. कायद्याच्या कलमात ह्या लहानशा गावाचे नाव आहे! त्यामुळे ह्या बाजूच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोरमाटी आणि गोंडीही कानावर पडते. विणकामाला हे सोयीचेच आहे. टाका डोळ्यांनी बघून शिकतात, त्याला भाषा लागत नाही. तांड्यावरच्या बायांना कशिद्याची सुई लहानपणापासून हाताशी असते. त्यांना दोन टाके शिकवायला दोन दुपारी पुरतात.

‘पण आपल्याकडे थंडी ती किती? उन्हाळ्यातच जीव जातो,’ असे कोणी म्हणेल. उन्हाळ्याचे खरे आहे. परंतु डिसेंबर-जानेवारीत रानाच्या आणि नदीच्या कडेला पहाटेचा गारठा कमी नसतो. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या परभणीला पारा तीन अंशांच्या आसपास उतरला होता. मोठा माणूस शेकोटी करील, घोंगडी ओढील. आणि ह्या रात्री ज्याचा जन्म झाला, त्याने काय करावे?

नवजात बाळ ओले जन्माला येते. अंग चिमुकले, कातडी पातळ, आणि अंगाच्या मानाने डोके मोठे. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे आठवा भाग असते, बाळाचे चौथा भाग. तेवढ्या उघड्या डोक्यातून बरीच ऊब निघून जाते. बाळाच्या अंगाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावे लागते. ते खाली गेले की बाळ मलूल होते, ओढून पीत नाही. न प्यायल्यामुळे आणखी थंड पडते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर हा फेरा फार लवकर गाठतो.

विदर्भातल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकविले. बाळाला ऊब कशी द्यावी, पाजावे कसे, श्वास अडला तर काय करावे, जंतुदोष कसा ओळखावा, हे सारे त्यात आले. ३९ गावांत हे काम झाले आणि नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. त्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हे श्रेय एकट्या उबेचे नव्हे, सगळ्या उपायांचे मिळून आहे. पण त्यांतला ऊब देण्याचा भाग असा, की ज्याला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. आज आशाताई घरोघर जातात, त्यामागे हाच धडा आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असले, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. घरी झाले असले तर पहिल्या दिवशीही.

आणि इथेच आपल्या रीतीची एक अडचण आहे. पोटातल्या बाळासाठी आधी काही शिवू-विणू नये, अशी पुष्कळ घरांत समजूत असते. बाळ जन्मले की आजोबांच्या जुन्या धोतरात, आजीच्या मऊ लुगड्यात गुंडाळावयाचे, आणि नवे अंगडे-टोपडे, कुंची चढवावयाची ती बारशाला. जुने कापड मऊ असते, त्याला माझी काहीच तक्रार नाही. ते धुऊन उन्हात वाळविलेले असले म्हणजे झाले. पण ज्या टोपड्याची खरी गरज पहिल्या तासात असते, ते आत्याच्या हातून बाराव्या दिवशी येते!

समजूत मोडा असे सांगून घरातली म्हातारी माणसे ऐकत नाहीत, आणि भांडून त्यांना दुखविण्यातही अर्थ नाही. त्याला उपाय सोपा आहे. टोपडे कोणा एका बाळासाठी विणूच नये. ‘कोणाच्याही’ बाळासाठी विणावे. गावात चार-पाच जणी सुया धरणाऱ्या असल्या, तर त्यांनी हिवाळ्याच्या तोंडाला दहा-वीस टोपडी करून आशाताईंच्या हाती द्यावीत. अमक्या पोटासाठी आधी विणले, असा दोष मग कोणाकडेच जात नाही. अनोळखी माणसासाठी विणणे आपल्याला नवे नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, तेव्हा देशभर बायकांनी आणि शाळेतल्या मुलींनी हिमालयातल्या जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले होते. कोणता स्वेटर कोणाच्या अंगात गेला, हे त्यांतल्या कितीजणींना कळले असेल?

आता प्रत्यक्ष काम. दुकानात सुया नंबरवर मिळतात, आणि नंबराची चाल उलटी असते. नंबर वाढला की सुई बारीक. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. मध्यम जाडीच्या धाग्याला आठ नंबर ठीक. आधी वीस टाके घालून एक लहानसा चौकोन विणा आणि मधल्या पाच सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते फुटपट्टीने मोजा. नवशिक्या बायका हे टाळतात आणि मग मामाचा स्वेटर भाच्याला होतो. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, म्हणून पुस्तकातला आकडा जसाच्या तसा चालत नाही. समजा, पाच सेंटिमीटरांत दहा टाके आले, म्हणजे सेंटिमीटरला दोन. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर तेहतीस ते पस्तीस सेंटिमीटर असतो. वीण ताणते, म्हणून टोपडे बत्तीसचे धरू. बत्तीस दुणे चौसष्ट. चौसष्ट टाके घाला.

दोन सुलट, दोन उलट अशी तीन सेंटिमीटर पट्टी विणा. ही पट्टी लवचीक होते आणि कपाळाला धरून बसते. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असे कडेपासून नऊ-दहा सेंटिमीटर होईपर्यंत. आता माथा गोल करावयाचा. सहा टाके सुलट, पुढचे दोन एकत्र, असे आठ वेळा. आठ टाके कमी झाले, छप्पन्न उरले. परतीची ओळ नुसती उलट. मग पाच सुलट आणि दोन एकत्र, अठ्ठेचाळीस उरले. मग चार सुलट आणि दोन एकत्र, चाळीस. असे उतरत उतरत शेवटी आठ राहतात. गुरुजी, हा आठाचा पाढा उलटा म्हणणेच झाले. ज्याला तो पाठ होत नाही, त्या पोराच्या हातात सुया द्या. मुलगे हसतील म्हणून थांबू नका. दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या टाकिले बेटावर लहानपणापासून विणतात ते पुरुषच.

उरलेल्या आठ टाक्यांतून जाड सुईने धागा ओवून आवळा आणि मागची शिवण घाला. शिवणीचा उंचवटा बाहेरच्या अंगाला ठेवा, म्हणजे बाळाच्या डोक्याला रुतणार नाही. कमी दिवसांच्या बाळासाठी चौसष्टऐवजी छप्पन्न टाक्यांपासून आरंभ करा, बाकी सारे तसेच. वर गोंडा नको, मणी नकोत, गळ्याशी बांधायला फीत तर मुळीच नको. गोंडा तोंडात जातो आणि फितीचा फास बसतो. पंचवीस-तीस ग्रॅम धागा लागतो. हात बसला की एका दिवसात एक टोपडे होते.

धागा कोणता घ्यावा, ह्यावर थोडे थांबतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे. बाजारात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे रंगीबेरंगी लटकतात, त्यांत मेंढीची लोकर फार थोड्यांत असते. बहुतेक अॅक्रिलिक, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून काढलेला धागा. तो स्वस्त आणि मऊ असतो, धुवायला सोपा असतो. परंतु त्याला आच लागली की तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून आई-बाळाला शेक देण्याची रीत आहे. निखारा आणि अॅक्रिलिकचे टोपडे एका खोलीत असणे बरे नव्हे. धाग्याची परीक्षा सोपी आहे. वीतभर तुकडा चिमट्यात धरून घराबाहेर पेटवा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर खरी लोकर. जळक्या कागदाचा वास आला आणि भुरभुरीत राख पडली, तर सूत. वितळून काळा टणक मणी झाला, तर अॅक्रिलिक.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण ती राठ असते आणि बाळाच्या कातडीला टोचते. मला विचाराल तर शेगडीच्या घरात सुती धागाच घ्यावा. नांदेडकडचा आपला मुलूख कापसाचाच आहे. सूतही पेटते, म्हणून निखाऱ्यापासून दूर ते ठेवावेच, पण ते वितळून चिकटत नाही. त्याचा दोष एवढाच, की ओले झाले की ऊब धरीत नाही. ओले टोपडे तत्काळ बदलावे. ह्यासाठी प्रत्येक बाळामागे दोन लागतात. शेकापेक्षा आईचे अंग बरे. बाळाला लंगोट, टोपडे आणि मोजे एवढेच घालून उघड्या छातीशी धरावे आणि वरून लुगड्याचा पदर घ्यावा. १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी ही पद्धत दवाखान्यात सुरू झाली, आणि आता आपले डॉक्टरही कमी वजनाच्या बाळासाठी हेच सांगतात. पहिला दिवसभर आंघोळ घालू नये, नुसते कोरडे पुसावे. आणि हेही ध्यानात असू द्या, की चैत्र-वैशाखात टोपडे चढवून ठेवायचे नाही. बाळाच्या मानेला घाम आला, पोट हाताला गरम लागले, तर ते काढून ठेवावे.

खर्चाची ओरड नेहमीची. खरे सांगायचे तर हौसेने विणलेला मोठा स्वेटर बाजारच्या स्वेटरपेक्षा महागच पडतो, आणि तीन महिने हात अडकतो तो निराळा. टोपड्याला मात्र उरलेसुरले गुंडे चालतात. जुना सुती विणलेला कपडा उसवून काढलेला धागाही चालतो. तो धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा आणि ओली असतानाच खाली एखादा तांब्या अडकवून टांगा. वळ्या निघून धागा सरळ होतो. विणकामाला निराळा वेळही काढावा लागत नाही. रेडिओ ऐकताना, एस. टी. ची वाट बघताना, पोळ्या आटोपल्यावर हात चालू शकतात. डोळे फक्त ओळीच्या शेवटी लागतात.

विणून झालेले टोपडे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, स्वच्छ फडक्यात बांधा आणि ‘६४’ किंवा ‘५६’ अशी टाक्यांची चिठ्ठी वर टाचून द्या. म्हणजे घाईच्या वेळी, रात्री कंदिलाच्या उजेडातही, आशाताईंना लहान कोणते आणि मोठे कोणते हे गाठ सोडल्याविना कळेल.