जखमी पाखराला आधी अंधार द्या

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरलेल्या माणसाने मान वर केली की घिरट्या घालणारी घार दिसतेच. जवळच्या अग्रसेन की बावलीत कबुतरं, आसपासच्या बागांत पोपट आणि साळुंक्या. या पाखरांवर सर्वांत मोठं संकट येतं ते ऑगस्टमध्ये. आपल्याकडे पतंग संक्रांतीला उडतात, दिल्लीत स्वातंत्र्यदिनाला. काचेची पूड लावलेला मांजा घारीच्या पंखात अडकतो आणि ती सुटायला जितकी धडपडते, तितका तो आत रुततो.

नायलॉनच्या मांजावर दिल्ली सरकारने जानेवारी २०१७ मध्ये बंदी घातली, त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय हरित लवादाने ती देशभर लागू केली. तरीही तो विकला जातो. झाडात अडकलेला तुकडा तर सण सरल्यावर कित्येक महिने पाखरं पकडत राहतो.

असा पक्षी बागेत सापडला की माणसं कळवळून नेमकं नको ते करतात: त्याच्या चोचीत पाणी ओततात. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. दूध-पावही नको. मांजा ओढायचा नाही. दोन्ही बाजूंनी कापायचा आणि रुतलेला भाग डॉक्टरांवर सोपवायचा. अंगावर जाड टॉवेल टाकून, पंख मिटवून पक्षी उचलावा. घार असेल तर चोचीपेक्षा नख्यांना जपावं. मग भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी फडकं, वर झाकण आणि शांत खोली. पक्ष्याच्या लेखी आपण शिकारीच असतो, म्हणून गोंजारणं आणि फोटो काढणं कटाक्षाने टाळायला हवं. मांजराने धरलेला पक्षी धडधाकट दिसला तरी डॉक्टरकडे न्यावाच. दातांमधल्या जीवाणूंनी तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू मात्र बहुधा जखमी नसतंच. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळपासच असतात. पिसं न फुटलेलं पिल्लू घरट्यात परत ठेवावं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. शाकाहाराच्या तत्त्वामुळे तिथे मांसाहारी पक्ष्यांना मुक्कामी ठेवत नाहीत. ही उणीव भरून काढली वझिराबादच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांनी. शरीरसौष्ठवाच्या छंदातून स्नायूंची जी माहिती मिळाली होती, तिच्या बळावर ते घारींचे फाटलेले पंख शिवायला लागले. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या २०२२ च्या माहितीपटामुळे त्यांचं काम जगभर पोचलं आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला.

मुंबईकरांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, तर राज्यात कुठूनही वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो. तो करावाच, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पक्षी बरा झाल्यावरही घरात ठेवून घेता येत नाही.