हसरा पडदा आणि देवधर्म – भाग ६ : ब्रायनच्या मागे लागलेले लोक

गेल्या आठवड्यात आपण सत्यजित राय यांच्या ‘महापुरुष’मधला (१९६५) बिरिंचीबाबा पाहिला. तिथे बाबा लबाड होता आणि भक्त भोळे. आजच्या चित्रपटात उलटं आहे. इथला माणूस साधासरळ आहे, आपण कुणी अवतार नाही हे जीव तोडून सांगतो आहे. पण भक्त ऐकूनच घेत नाहीत.

‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ १९७९ साली आला. दिग्दर्शन टेरी जोन्सचं, ब्रायन झालाय ग्रॅहम चॅपमन. काळ रोमन सत्तेखालच्या ज्यूडियाचा. ब्रायन जन्मतो येशूच्याच रात्री, पलीकडच्या गोठ्यात. पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी पुरुष भेटवस्तू चुकून त्याच्या आईला देतात आणि चूक कळताच हिसकावून परत नेतात. खऱ्या गोठ्यात मात्र तेज पसरलेलं आहे, आणि तिथे कुणी थट्टा करत नाही. मोठेपणीचा येशू डोंगरावर प्रवचन देताना दिसतो, तोही पूर्ण गांभीर्याने. मग कॅमेरा मागे मागे सरकत गर्दीच्या कडेला येतो. तिथे शब्द धड ऐकू येत नाहीत. लोक भलतंच काही ऐकतात, त्याचे अर्थ लावतात आणि हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते अख्खा चित्रपट या एका दृश्यात आहे.

पुढे रोमन शिपायांपासून पळताना ब्रायन रस्त्यावरच्या उपदेशकांमध्ये येऊन पडतो. वेळ मारून नेण्यासाठी तो काहीबाही बोलतो आणि अर्ध्यावर थांबून पळतो. राहिलेलं वाक्य म्हणजे काहीतरी गुपित असणार, असं लोकांना वाटतं. धावताना त्याची एक चप्पल निसटते, हातातला भोपळा मागे राहतो. एक म्हणतो, आपणही एकच चप्पल घालायची. दुसरा म्हणतो, चपला गोळा करायच्या. तिसरीला भोपळाच पवित्र वाटतो. मिनिटभरात पंथ स्थापन होतो आणि फुटतोही. दुसऱ्या दिवशी ब्रायन खिडकीतून कळवळून सांगतो की, तुम्ही सगळे वेगवेगळे आहात, स्वतः विचार करा. गर्दी एका सुरात होकार देते. ‘मी नाही वेगळा’ म्हणणारा एकच निघतो, आणि त्या जमावात स्वतःच्या डोक्याने बोललेला तो एकटाच असतो.

हा चित्रपट झाला तो एका भक्तामुळे. चित्रीकरण तोंडावर आलं असताना ईएमआय कंपनीचे प्रमुख बर्नार्ड डेलफाँट यांनी संहिता वाचली आणि पैसे काढून घेतले. तेव्हा बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पुढे आला. त्याने राहतं घर गहाण टाकलं आणि ‘हँडमेड फिल्म्स’ ही कंपनी उभी केली. हाच हॅरिसन कृष्णभक्त होता. १९७३ साली त्याने इंग्लंडमधली एक मोठी वास्तू इस्कॉनला देऊन टाकली होती. धर्मावरच्या विनोदाला पैसा लावताना आपल्या श्रद्धेला धक्का बसतो असं त्याला वाटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

इतरांना मात्र तसं वाटलं. ब्रिटनमध्ये ईशनिंदेचा कायदा तेव्हा जिवंत होता. १९७७ साली ‘गे न्यूज’च्या संपादकाला एका कवितेवरून दोषी ठरवलं गेलं होतं. ब्रिटनमधल्या अनेक नगर परिषदांनी चित्रपट अडवला. नॉर्वेने बंदी घातली, तर आयर्लंडमध्ये ती १९८७ पर्यंत टिकली. नोव्हेंबर १९७९ मध्ये बीबीसीवरच्या चर्चेत चमूतल्या जॉन क्लीज आणि मायकेल पॅलिन यांच्यासमोर साउथवर्कचे बिशप मर्व्हिन स्टॉकवुड आणि पत्रकार माल्कम मगरिज बसले. बिशपांनी तर येशूच्या विश्वासघातासाठी मिळालेल्या तीस नाण्यांचा टोमणा मारला. नंतर कळलं ते असं की, या दोघांना चित्रपट पाहायला पोहोचायला उशीर झाला होता आणि सुरुवातीची पंधराएक मिनिटं त्यांनी पाहिलीच नव्हती. ब्रायन आणि येशू वेगळे आहेत हे त्याच मिनिटांत दाखवलं आहे.

क्रूसावर टांगलेले कैदी गाणं म्हणतात तो शेवट अनेकांना आजही खुपतो. त्यांची वेदना खोटी नाही, आणि त्यांना मूर्ख ठरवणं मला पटत नाही. पण क्रूस ही रोमन सत्तेने हजारो सामान्य माणसांना दिलेली शिक्षा होती, आणि चित्रपट त्या सामान्यांबद्दल बोलतो. त्याने येशूला हात लावलेला नाही. त्याने जाब विचारला आहे तो अनुयायांना.

ब्रायनची ही गोष्ट आपल्याकडेही एका गुराख्यासोबत घडली आहे. केशाला औदुंबराखाली दत्त दिसतो आणि त्याचं दर्शन गावाच्या ताब्यात जातं. पुढच्या भागात उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११). पाहिला नसेल, तर तोवर पाहून घ्या, आणि पहिल्या मिनिटापासून पाहा.