स्वयंपाकघरातली उपासना

एकोणीस लेकरे, त्यांतली नऊ तान्हेपणीच गेलेली. नवरा विद्वान, पण कायम कर्जात बुडालेला. आणि गाव इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या पाणथळ मुलखातले, एपवर्थ. सुझॅना वेस्लीचा संसार हा असा होता. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली आणि हजारो भक्तिगीते रचणारा त्याचा भाऊ चार्ल्स यांची ही आई. थोरामोठ्यांच्या आया आपल्याला नव्या नाहीत. श्यामची आई तर घरोघरी पोहोचली आहे. पण सुझॅना आठवायची ती केवळ मुलांमुळे नव्हे.

तिचा जन्म १६६९ चा, लंडनमधला. राजमान्य चर्चबाहेर पडलेल्या एका नामवंत धर्मोपदेशकाचे हे पंचविसावे अपत्य. तेरा वर्षांची होण्याआधीच दोन्ही बाजूंचा विचार करून ती एकटी त्या चर्चमध्ये परतली. लग्नही तिथल्याच पाळकाशी, सॅम्युएल वेस्लीशी झाले. तरी बाईचे मत बाईपाशीच राहिले. राजा विल्यमसाठी नवऱ्याने केलेल्या प्रार्थनेला ती ‘आमेन’ म्हणेना, कारण तिच्या लेखी खरा राजा दुसराच होता. नवरा रागावून काही महिने घराबाहेर राहिला! समेट झाल्यावर, १७०३ मध्ये जॉन जन्मला.

१७०५ साली सॅम्युएल कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात गेला, तेव्हा तिने बोटातल्या अंगठ्या पाठवून दिल्या. त्याने त्या परत केल्या, हे त्याच्याही बाजूने नोंदवायला हवे. भाकरीची कधी वाण पडली का, असे यॉर्कच्या आर्चबिशपांनी विचारले. ती म्हणाली, तशी वाण पडली नाही, पण ती मिळवण्याची आधी आणि तिचे पैसे चुकते करण्याची नंतर एवढी काळजी असे, की घास गोड लागत नसे.

१७०९ च्या फेब्रुवारीत घराला आग लागली. दिवस भरत आलेली सुझॅना ज्वाळांतून बाहेर आली. पाच वर्षांचा जॉन माडीवर अडकला होता. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि पोराला खिडकीतून ओढून काढले.

मुलांची शाळा घरीच, रोज सहा तास. पाच वर्षे पुरी झाली की दुसऱ्या दिवशी मुळाक्षरे. मूल हळू रडायला शिकले पाहिजे, हा तिचा दंडक आज कुणाला रुचणार नाही, मलाही रुचत नाही. पण दुसरा एक नियम पाहा: मुलीला नीट वाचता आल्याखेरीज घरकामाला लावायचे नाही. तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

आता त्या स्वयंपाकघराकडे येऊ. १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा चर्चच्या कामासाठी लंडनला होता. त्याच्या अभ्यासिकेत मुलीला एक पुस्तक सापडले. त्यात आपल्या तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला आलेल्या डॅनिश मिशनऱ्यांची हकीकत होती. ती ऐकून सुझॅना अस्वस्थ झाली. आपण पुरुष नाही, पाळक नाही. तरी आहोत तिथे काही करता येईल की! तिने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली, एकेकाशी निवांत बोलण्यासाठी. जॉनचा वार गुरुवार. मोठेपणीही त्या गुरुवारची त्याला ओढ वाटे.

रविवारी संध्याकाळी ती मुलांना आणि गड्यांना प्रार्थना व छापील उपदेश वाचून दाखवी. गड्याचे आईबाप आले, मग शेजारी आले. तीस-चाळीस माणसांची दोनशेवर झाली, जागा नाही म्हणून लोक परतू लागले. चर्चमधल्या मदतनीस पाळकाला हे झोंबले. त्याने तक्रार धाडली, नवऱ्याने हरकत घेतली.

सुझॅनाने त्याला पत्र लिहिले. मी बाई आहे खरी, पण या मोठ्या घराची धनीणही आहे. तुम्ही नसताना इथल्या प्रत्येक जिवाचा हिशोब देवाला मीच द्यायची आहे. हे बंद करावे अशी तुमची नुसती इच्छा असेल तर ती पुरेशी नाही; स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे न्यायाच्या दिवशी दोष माझ्यावर येणार नाही. सभा पुढेही चालू राहिल्या.

या सभांची सावली जॉनच्या पुढल्या कामावर पडली, असे मला वाटते. त्याचे अनुयायी घरोघरी लहान गटांनी जमत. १८७१ मध्ये विल्यम टेलर मुंबईत आला, तेव्हा इथली मेथडिस्ट मंडळीही घराघरांतल्या अशाच बैठकांतून उभी राहिली.

१७३५ मध्ये नवरा गेला. शेवटची काही वर्षे ती लंडनला जॉनच्या ‘फाउंड्री’त राहिली. तोफा ओतण्याच्या त्या जुन्या कारखान्याचे त्याने प्रार्थनास्थळ केले होते. तिथे थॉमस मॅक्सफील्ड नावाचा साधा माणूस, दीक्षा नसताना, उपदेश करू लागला. जॉन संतापून परतला. आई म्हणाली, जपून. देवाचे बोलावणे तुला आहे तसेच त्यालाही आहे. आधी त्याचे ऐक तरी. जॉनने ऐकले, आणि दीक्षा न घेतलेल्या उपदेशकांना पंथात वाट मिळाली.

१७४२ च्या जुलैत ती गेली. प्राण जाताच देवाच्या स्तुतीचे स्तोत्र गा, असे तिने मुलांना सांगून ठेवले होते. उशाशी उभ्या असलेल्या लेकींनी आणि जॉनने ते गायले. लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये तिची कबर आहे. समोर, रस्त्यापलीकडे, जॉनने १७७८ मध्ये उघडलेले चर्च उभे आहे.